कीरियॉस : धनी, महाराज, प्रभु

(ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हीं व्याख्यानासाठीं जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनीं पंडितांच्या पाठशाळेंतला वाटेल. एका ग्रीक शब्दाचा अर्थ! जेथें पावसाळ्यांत भात, नागली आणि वरई, उन्हाळ्यांत हंडाभर पाणी आणि दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट हेच जन्माचे विषय, तेथें ग्रीक भाषेचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील तर त्याचा प्रश्न रास्त आहे. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, हा शब्द मुळीं पंडितांचा नाहीं. तो शेतावरच्या मजुराच्या, घरच्या दासाच्या आणि वाटेवरच्या भिकाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे.

तो शब्द 'कीरियॉस'. हांक मारतांना त्याचें 'कीरिये' असें रूप होतें, आणि या रूपानें तो आपल्यांतील वृद्धांस परिचित असेल. मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे त्या काळींही 'कीरिये एलेइसोन' ही हांक ग्रीकच राहिली होती. ५९८ सालीं पोप महान ग्रेगरी यांनीं एका पत्रांत रोम नगरींत ती कशी म्हटली जाते याचा खुलासा केला आहे, इतकी ती जुनी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा मराठींत आली आणि 'कीरिये'च्या जागीं 'प्रभु' आला. आज आपण हा शब्द प्रार्थनेंत, गीतांत, एकमेकांस आशीर्वाद देतांना इतक्या वेळां उच्चारतों कीं त्याचा अर्थ काय हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

'कीरॉस' म्हणजे अधिकार, चालती सत्ता. ज्याच्या ठायीं असा अधिकार आहे तो कीरियॉस. संस्कृतांतील 'प्रभु' शब्दाची घडणही अशीच आहे. जो पुढें असतो, समर्थ असतो, तो प्रभु. तेव्हां भाषांतर म्हणून या शब्दाला नांवें ठेवण्यास जागा नाहीं. भेद आहे तो निराळ्या ठिकाणीं. 'प्रभु' म्हटलें कीं मराठी माणसाचे हात आपोआप जोडले जातात. ग्रीक माणसाला 'कीरियॉस' म्हटलें कीं आधीं देव आठवत नसे. घराचा मालक, मळ्याचा मालक, गुलामाचा मालक, कायद्याच्या कामांत स्त्रीच्या वतीनें उभा राहणारा तिचा पालक, हे सारे कीरियॉस. अनोळखी पण मान्य गृहस्थाशीं बोलावयाचें तरी 'कीरिये'. इजिप्तच्या वाळूंत सांपडलेल्या पपायरसच्या तुकड्यांवर सारापिस देवाच्या पंगतीचीं आमंत्रणें आहेत. त्यांत त्या देवासही कीरियॉस म्हटलें आहे. ग्रीस देशांत आक्रायफिया येथें मिळालेल्या, इसवी सन ६७ च्या सुमाराच्या शिलालेखांत सम्राट नीरो हा साऱ्या जगाचा कीरियॉस ठरला आहे. एका टोकाला मजुराचा मुकादमावरचा मालक आणि दुसऱ्या टोकाला नीरो, एवढा या शब्दाचा पल्ला.

येथें एक लहानशी गंमत सांगून पुढें जाऊं. 'चर्च' हा शब्दही याच कुळांतला. 'कीरियाकॉन', म्हणजे कीरियॉसचें, यावरून तो उत्तर यूरोपच्या भाषांत शिरला आणि इंग्रजींतून आपल्याकडे आला. गोव्याकडे जी 'इगर्ज' म्हणतात तिचें मूळ मात्र 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमलेली सभा. एकाच वास्तूला एक नांव धन्यावरून पडलें आणि दुसरें जमलेल्या माणसांवरून.

आतां प्रचलित मराठी बायबल हातीं घ्या. शोमरोनी स्त्री विहिरीवर येशूशीं बोलते तेथें 'कीरिये' या हांकेचें 'महाराज' झालें आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत कीरियॉस हा 'धनी' झाला आहे. शिष्यांच्या तोंडीं तो 'प्रभु' आहे. आणि ज्या जुन्या कराराचें ग्रीक रूप प्रेषितांनीं वाचलें, त्यांत जेथें जेथें कीरियॉस होता तेथें मराठींत बहुतेक 'परमेश्वर' आहे. एका ग्रीक शब्दाचे मराठींत हे चार शब्द झाले.

यांतील शेवटचा कसा आला तें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. ख्रिस्तजन्मापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरीचे यहुदी ग्रीक बोलत. त्यांच्यासाठीं मोशेच्या ग्रंथांचें इब्रींतून ग्रीक भाषांतर झालें आणि पुढें इतर ग्रंथांचेंही. त्यास 'सत्तरांचें भाषांतर' म्हणतात. इब्री शास्त्रांत देवाचें खास नांव चार अक्षरांनीं लिहिलेलें असे. भाविक यहुदी तें उच्चारीत नसत. वाचतांना त्याच्या जागीं 'अदोनाय', म्हणजे 'माझा स्वामी', असें म्हणत. ग्रीक हस्तलिखितांच्या कांहीं अति प्राचीन तुकड्यांत तीं चार अक्षरें इब्री लिपींतच जपलेलीं आढळतात. परंतु ख्रिस्ती लोकांच्या हातीं जो ग्रीक ग्रंथ राहिला, त्यांत त्या नांवाच्या जागीं कीरियॉस आहे. मळ्याच्या मालकाचा साधा शब्द त्या अनुच्चार्य नांवाच्या आसनावर जाऊन बसला.

नव्या करारांत हा शब्द सातशेंहून अधिक वेळां येतो; कधीं देवपित्याविषयीं, कधीं येशूविषयीं, आणि कांहीं ठिकाणीं कोणाविषयीं हें पंडितांसही निश्चित सांगतां येत नाहीं. आमच्या मतें ही संदिग्धता लेखकांची गफलत नसून त्यांचा विश्वासच आहे. परमेश्वराचा धांवा करणाऱ्यास तारण लाभेल असें योएल संदेष्ट्याचें वचन आहे. पौल रोमकरांस लिहितांना दहाव्या अध्यायांत तेंच वचन उचलतो आणि येशूस लावतो. ग्रीक वाचकाला दोन्हीकडे एकच शब्द दिसे, आणि येशूस काय म्हटलें जात आहे हें त्याच्या अंगावर कांटा आणून कळे. मराठी वाचकाला योएलच्या पानावर 'परमेश्वर' दिसतो आणि रोमकरांच्या पानावर 'प्रभु'. गांठ सुटून जाते. भाषांतरकारांस आम्ही दोष देत नाहीं, कारण मराठींत एकच शब्द सर्वत्र चालवूं म्हटलें असतें तर शोमरोनी स्त्रीनें पहिल्याच भेटींत वाटसरूला परमेश्वर म्हटलें असतें! पण सुटलेली गांठ पुन्हां बांधून दाखविणें हें धर्मशिक्षण देणाऱ्याचें काम आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत या शब्दासाठीं पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हे इंग्रज जेजुइट १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्यांत येशूस 'स्वामी' म्हटलेलें वारंवार आढळतें, आणि कोंकणी ख्रिस्ती घरांत 'सोमी' या रूपानें तो शब्द आजतागायत जिवंत आहे. शब्द उत्तम. परंतु एक गोष्ट सांगण्यास संकोच वाटला तरी लपविणें बरें नव्हे. लिन्शोटेन हा डच प्रवासी १५८० च्या दशकांत गोव्यांत राहिला होता. तेथील भर रस्त्यावरच्या बाजारांत गुलाम स्त्री-पुरुषांची विक्री होई असें त्यानें लिहून ठेवलें आहे. विकत घेणारे ख्रिस्ती होते. आयतवारीं ज्याला स्वामी म्हणून नमन करावयाचें, त्याच्या नांवाचा अर्थ सोमवारीं आपणच दुसऱ्याचे स्वामी होण्यास आड येतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. किंवा आलें आणि त्यांनीं तें दूर सारलें.

पंडिता रमाबाईंचाही उल्लेख येथें उचित होईल. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, तरी केडगांवास राहून, इब्री व ग्रीक शिकून, साध्या मराठींत सबंध बायबल उतरविण्याचा त्यांनीं केलेला उद्योग थोर आहे. तें बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. साध्या माणसाला कोणता शब्द कसा ऐकूं येतो ही चिंता त्यांना होती. हीच चिंता आपणांसही या डोंगरांत करावी लागते.

कारण हे शब्द येथें रिकामे नाहींत. जव्हारला शेंकडों वर्षें मुकणे घराण्याचें राज्य होतें. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. 'महाराज' म्हटल्यावर जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढें राजवाडा येणारच. 'धनी' शब्दाचें ओझें त्याहून जड. ज्या ठाणें जिल्ह्याचा हा मुलूख २०१४ सालापर्यंत भाग होता, त्याच्या आदिवासी तालुक्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वेठ चालत असे. लग्नासाठीं जमीनदार-सावकाराकडून पैसे घेतलेला तरुण तें फेडण्यासाठीं त्याच्याच घरीं राबे आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही राबे. हिशेब धन्याच्या वहींत असल्यामुळें तो कधीं संपत नसे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत त्याचें वर्णन आहे. १९४५ सालीं डहाणू-उंबरगांवच्या वारल्यांनीं वेठीविरुद्ध जो लढा दिला, तो आपल्या उंबरठ्यावरच घडला. त्यांच्या प्रेरणा आणि आपल्या प्रेरणा निराळ्या असतील. पण माणूस हा कोणाच्या वहीची बाब नव्हे, हें त्यांनीं आपल्याआधीं आणि मोठ्यानें सांगितलें, हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला. तरी दिवाळी झाली कीं जव्हार-मोखाड्याचे पाडे आजही ओस पडूं लागतात. पावसाळ्यांत अडचणीला घेतलेली उचल अंगावर असते. कुटुंबेंच्या कुटुंबें भट्टीवर जातात, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतात, आणि हंगाम सरल्यावर हिशेबाला उभीं राहतात. सर्वच भट्टीवाले लबाड असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उचल घेतलेला माणूस मालकापुढें उभा राहून बोलतो तो आवाज आपण सर्वांनीं ऐकला आहे. त्या आवाजांत 'शेठ' हा शब्द जसा उमटतो, तसाच त्या काळीं गुलामाच्या तोंडून 'कीरिये' उमटत असे.

मग अशा माणसाला आपण सांगतों कीं येशू हा तुझा धनी आहे, तेव्हां तो काय ऐकतो? स्वर्गांतही एक वही उघडून बसलेला सावकार आहे, असें तर नव्हे? हें भय इतकें खरें आहे कीं कित्येक उपदेशक 'धनी' हा शब्दच टाळतात आणि 'प्रभु' या गुळगुळीत शब्दाचा आश्रय करतात. आम्हांस तें पसंत नाहीं. 'प्रभु' देव्हाऱ्यांत बसतो. तो भट्टीवर येत नाहीं. भट्टीवरच्या मालकाला त्याच्यापासून कांहीं उपद्रव नाहीं. 'धनी' म्हटलें कीं मात्र प्रश्न उभा राहतो, कारण एका माणसाला दोन धनी असूं शकत नाहींत, हें येशूनेंच सांगितलें आहे. आणि तेथेंही मूळ शब्द कीरियॉस हाच आहे.

हा धनी कोणत्या प्रकारचा, याचें उत्तर पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. तेथें त्यानें एक स्तोत्र दिलें आहे. तें त्याच्याही पूर्वींचें असावें असें पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याचा ओघ असा: जो देवाच्या स्वरूपाचा होता त्यानें स्वतःला रिक्त केलें, 'दूलॉस'चें रूप घेतलें, आणि मरण, तेंही क्रुसावरचें मरण, पतकरलें, म्हणून देवानें त्याला सर्व नांवांहून श्रेष्ठ नांव दिलें. तें नांव कीरियॉस. आणि 'दूलॉस' म्हणजे काय? गुलाम. मराठींत आपण 'दास' म्हणतों आणि तोही शब्द भक्तीच्या तेलानें मऊ झालेला आहे. ग्रीकमध्यें तो तसा नव्हता. क्रूस ही रोमन राज्यांत मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. तेव्हां स्तोत्राचा अर्थ आपल्या बोलींत सांगावयाचा तर असा कीं, जो वेठीला लागला आणि वेठीचें मरण मेला, त्यालाच देवानें धनी म्हटलें. सावकार चढत चढत देव झाला, असें तेथें म्हटलेलें नाहीं.

'रूप घेतलें' हें ऐकून आपल्या श्रोत्यांस बोहाडा आठवेल. मोखाड्याच्या बोहाड्यांत रात्रभर देवांचीं सोंगें येतात. मुखवटा लाकडाचा किंवा कागदाचा, आंतला माणूस आपल्याच गांवचा. पहाट झाली कीं मुखवटा उतरतो आणि माणूस शेतावर जातो. तो सोहळा सुंदर आहे. परंतु पौल म्हणतो तें नेमकें याच्या उलट. येथें माणसानें देवाचें सोंग घेतलेलें नाहीं, आणि देवानेंही गुलामाचें सोंग घेतलेलें नाहीं. सोंग असतें तर खिळे ठोकण्यापूर्वीं तें उतरलें असतें. पहिल्या शतकांतच कांहीं लोक ख्रिस्ताचा देह दिसण्यापुरता होता असें म्हणूं लागले होते, आणि योहानाच्या पत्रांत त्यांस कडक शब्दांत विरोध आहे.

याच स्तोत्रामुळें आरंभींच्या ख्रिस्ती लोकांस राज्यकर्त्यांशीं भांडावें लागलें. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मर्ना नगरीचे वृद्ध बिशप पोलिकार्प यांस पकडून नेत असतां अधिकाऱ्यांनीं त्यांची समजूत घातली कीं सीझरला कीरियॉस म्हणण्यांत आणि चिमूटभर धूप जाळण्यांत काय बिघडतें. बोलण्यांत द्वेष नव्हता. म्हाताऱ्याचा जीव वांचावा असेंच त्यांस वाटत असावें. पोलिकार्पनीं तो शब्द उच्चारला नाहीं, आणि त्यांना जाळण्यांत आलें. कीरियॉसचा अर्थ केवळ 'पूज्य' एवढाच असता तर हें घडण्याचें कारण नव्हतें.

आज आपण ज्युबिली साजरी करीत आहों, तेव्हां त्या शब्दाच्या मुळाकडे पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा कायदा आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशीं शिंग फुंकावें. विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी. कर्जापायीं चाकरींत अडकलेल्या बांधवानें मुलांबाळांसह आपल्या घरीं जावें. या कायद्याला कारण काय दिलें आहे? दया नव्हे, उपकार नव्हे. जमीन परमेश्वराची आहे आणि हीं माणसें त्याचे दास आहेत, त्यानें त्यांना मिसर देशांतून सोडविलें आहे. म्हणून दुसरा कोणी त्यांना गुलाम म्हणून विकूं शकत नाहीं. धनी एक आहे, म्हणून दुसरे धनी तात्पुरते. येथें सुटकेसाठीं ग्रीक भाषांतरांत 'आफेसिस' हा शब्द आहे, आणि पापांच्या क्षमेसाठीं शुभवर्तमानांत वापरलेला शब्दही तोच. वनहक्क कायदा २००६ सालीं झाला; त्याखालीं पट्ट्यासाठीं कचेरीच्या खेपा घालणाऱ्यांस जमीन कोणाची हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीं.

मात्र त्या प्राचीन कायद्याला एक कुंपण होतें, आणि तेंही त्याच अध्यायांत लिहिलेलें आहे: परक्या जातीच्या गुलामांना ही सुटका नव्हती. हें वाचून मन खट्टू होतें. म्हणूनच मत्तयाच्या पंधराव्या अध्यायांतल्या कनानी स्त्रीकडे आम्ही पुन्हां पुन्हां वळतों. ती परक्यांतली परकी. मुलगी आजारी, मदतीला कोणी नाहीं. ती मागून ओरडत येते, आणि तिच्या तोंडचे शब्द तेच, जे आपण मिस्सेंत म्हणतों: दया कर, कीरिये. शिष्य तिला घालवून देण्यास सांगतात. ती पायांपाशीं येते आणि पुन्हां म्हणते, कीरिये. येशू तिला मुलांच्या भाकरीचें कठोर उत्तर देतो. तेव्हां ती तिसऱ्यांदा 'कीरिये' म्हणते आणि पुढें म्हणते कीं कुत्र्यांनाही त्यांच्या धन्यांच्या मेजावरून पडलेला चुरा मिळतो. मराठींत येथें 'प्रभु' आणि 'धनी' असे दोन शब्द आहेत. ग्रीकमध्यें एकाच वाक्यांत एकच शब्द दोनदां आहे, एकदां एकवचनीं आणि एकदां अनेकवचनीं: कीरिये, आणि कीरियोन. मेजावर बसलेले धनी पुष्कळ आहेत, हें ती जाणते. पंगतीबाहेर बसून पंगत उठण्याची वाट पाहणें म्हणजे काय, हें या मुलखांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. पण ती त्या धन्यांकडे मागत नाहीं. त्यांच्यावरून पलीकडे ती त्या एकाला हांक मारते, आणि तो तिचें म्हणणें मान्य करतो, तिच्या विश्वासाची थोरवी गातो. मुलगी त्याच घटकेला बरी होते. आमच्या समजुतीप्रमाणें कीरियॉस शब्दाचा सगळा अर्थ या बाईच्या तीन हांकांत जितका आहे, तितका कोशांत नाहीं.

एक शब्द राहिला. कीरियॉसहून कठोर असा 'डेस्पॉटीस' हा शब्द ग्रीकमध्यें आहे. गुलामाचा पूर्ण मालक, ज्याच्या सत्तेला मर्यादा नाहीं, तो डेस्पॉटीस. नव्या करारांत देवाला या नांवानें थोड्याच ठिकाणीं हांक मारली आहे. त्यांतली एक लूकच्या दुसऱ्या अध्यायांत, म्हाताऱ्या शिमोनाच्या तोंडीं. बाळ येशूला हातांत घेऊन तो देवाला डेस्पॉटीस म्हणतो, स्वतःला दूलॉस म्हणतो, आणि आतां तूं मला सोडीत आहेस असें म्हणतो. 'सोडणें' याला तेथें जें क्रियापद आहे, तेंच कैद्याला किंवा बांधलेल्याला मोकळें करण्यासाठींही वापरीत. जन्मभर चाकरी केलेला गडी, वहींत कांहीं बाकी न राहतां, धन्याच्या स्वतःच्या शब्दानें मोकळा होतो आहे. ख्रिस्तसभेच्या रात्रप्रार्थनेंत हें गीत आहे. धर्मगुरु आणि धर्मभगिनी तें रोज झोपण्यापूर्वीं म्हणतात.